मुरब्याचे कावळे

बन्सी बोरसे यांचा दहावा मुरब्याच्या समुद्रकिनाऱ्यावर करायचं ठरलं, ते वैभवीच्या आईच्या हट्टामुळे. त्यांच्या धुळ्याकडच्या गावी असले विधी नदीकाठी होतात. बोईसरच्या कॉलनीमागच्या नाल्याला नदी म्हणायला तिची जीभ रेटेना. किनाऱ्यावर बांबूच्या काठ्यांवर बोंबील वाळत असतात, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

एकुलती एक लेक म्हणून विधी वैभवीच्या हातून झाला. पिंड मांडले, सगळे मागे सरले, पण कावळा शिवेना. कावळे होते ढिगानं. काठ्यांवर बसून पिसं साफ करत होते. एखाद्यानं भाताकडे मान वळवलीच, तर पंगतीत चौथ्यांदा आग्रह झाल्यासारखी.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिली. मंडळी शब्द देऊ लागली. आईला सांभाळू, असं मामांनी सांगितलं. गावच्या घराचं छप्पर दुरुस्त करतो, असं चुलते म्हणाले. ते वडील असतानाही हेच म्हणत.

हळूहळू सगळ्यांच्या नजरा वडिलांसोबत कारखान्यात काम करणाऱ्या शिवाजी निकुंभांकडे वळल्या. कारखान्यात गॅस गळला, तेव्हा झडप उघडी ठेवल्याचा ठपका वडिलांवर आला आणि शिवाजीरावांना बढती मिळाली. वडील भांडले नाहीत. वरचा बघतोय, एवढंच म्हणायचे. वरच्यानं बघितलं ते असं: शिवाजीरावांना केबिन, त्यांच्या मुलीला कॅनडा आणि शोकसभेत वडिलांवर बोलण्याचा मानही त्यांनाच. त्या दिवशी वैभवीला देवाचा मनापासून राग आला होता.

बोंबील वाळवणारी ठकीबाई कावळे हाकत होती. ती वैभवीजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाय, सकालपासून बोंबील खाऊन बसलेत ते. भाताला नाय यायचे."

वैभवी हे गुरुजींना सांगायला वळली, तोच शिवाजीराव घाम पुसत पुढे आले. तिनं तोंड मिटलं.

"बन्सीभाऊ," ते पिंडाला म्हणाले, "झडप मी उघडी ठेवली होती."

कावळ्यांनी दखल घेतली नाही.

साहेबांना तुमचं नाव मीच सांगितलं, हेही ते बोलले. एक कावळा उडाला आणि पलीकडच्या काठीवर जाऊन बसला. शिवाजीराव रडकुंडीला आले. शोकसभेतलं भाषण इंटरनेटवरून उतरवलं होतं, हेसुद्धा त्यांनी कबूल केलं. शेवटी, उद्या साहेबांना सगळं खरं सांगतो, असा शब्द दिला.

गुरुजींना दया आली. त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि विधी संपला. तेव्हा ठकीबाईनं, एवढा मोठा माणूस कावळ्यांना का विनवत होता, असं विचारून बोंबलांची हकिगत सगळ्यांनाच ऐकवली; बायला मगाशीच सांगितलेलं, असंही म्हणाली.

शिवाजीराव वैभवीकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"देवाच्या कामात मी कशाला मधे बोलू, काका?"

तसं पाहिलं तर झडप जुनीच होती, असं काहीतरी ते पुटपुटू लागले. वडिलांच्या शिफ्टमधल्या कैलासनं त्यांना थांबवलं. "शिवाजीराव, शब्द पिंडापुढे दिलाय. फिरवलात तर तुमच्या दहाव्याला आम्ही कावळा कुठून आणायचा?"

 उद्या सकाळीच जातो, असं शिवाजीराव म्हणाले.

गॅसगळतीनंतर कैलासनं वैभवीच्या वडिलांसोबत डबा खाणं सोडलं होतं. तो पिंडापुढे वाकला आणि बराच वेळ उठला नाही. शिफ्टमधली बाकीची माणसं त्याच्यामागे आपोआप रांगेत उभी राहिली. वैभवीनं आईचा हात धरून तिला पुढे आणलं, हे जवळून दिसावं म्हणून.