दोन रुळांमधली फट

रेल्वे संग्रहालयात दर शनिवारी फुकट राबायला येणाऱ्या मंडळींपैकी जो तो आपला धंदा घरी ठेवून आलेला असे. निदान तसा त्याचा समज असे. दातांचे डॉक्टर घण उचलण्याआधी खिळ्यावर हळूच टकटक करीत, जणू विचारताहेत, दुखतंय का? निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणजे सगळ्यांच्या बाई, खडी पसरणाऱ्यांचीही हजेरी घेत आणि उशीर झाला की कारण विचारीत. चाळीस वर्षं पँटी शिवलेल्या मास्तरांनी तर पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "सुईदोरा सोडून काहीही सांगा." बाईंचा डोळा होता जुन्या डब्याच्या फाटक्या गाद्यांवर. त्यांनी तो तूर्त मिटून घेतला.

मास्तरांची नजर अधू झाल्यापासून दुकान जावयाकडे गेलं होतं, आणि जावई मोठ्या आदराने त्यांना बटणं लावायला देई. "बाबा, तुम्ही नुसते बसलात तरी दुकानाला शोभा." शोभा म्हणून बसायचं आपलं वय झालेलं नाही, असं मास्तरांचं मत. संग्रहालयात त्यांना शोभा कोणी म्हणत नसे. तिथे मुकादम होते, उभा जन्म रुळांवर काढलेले, पंचाहत्तरीचे. ते सरळ ओरडत, "मास्तर, वाकू नका, गुडघ्यावर बसा! उद्या वहिनी आमच्या नावाने खडे फोडतील." इतकं मनापासून रागावणारं माणूस मास्तरांना कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं. ते एक ओरडणं त्यांना आठवडाभर पुरे.

शेडपासून नव्या फलाटापर्यंत छोट्या इंजिनासाठी रूळ टाकायचे होते. त्या शनिवारी सकाळी थंडी मी म्हणत होती. मुकादमांनी मास्तरांच्या हाती लोखंडी पट्ट्या दिल्या. एका रुळाचं टोक दुसऱ्याला भिडवताना मध्ये पट्टी धरायची आणि डॉक्टरांनी बोल्ट आवळले की काढून घ्यायची. पट्टीच्या जाडीएवढी फट मागे राहते.

पहिल्या फटीत मास्तरांनी बोट घालून पाहिलं. करंगळीचं टोक रुतेल एवढी! असा जोड घेऊन गिऱ्हाइकाला तोंड दाखवायचं? मुकादम पार दुसऱ्या टोकाला खडी ठोकून घेत होते. मास्तरांनी पट्ट्या डब्यात ठेवल्या, खिशातून मापाचा पातळ पुठ्ठा काढला, त्याचे तुकडे केले आणि पट्टीऐवजी तेच वापरून पहिल्यासकट प्रत्येक बाजूचे बाराच्या बारा जोड असे बेमालूम बसवले की डॉक्टर म्हणाले, "वा, काय फिनिशिंग आहे!"

आठवडा ढगाळ गेला. पुढच्या शनिवारी, पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी, कडक ऊन पडलं. दुपारी सगळे चहा पीत असताना खाडकन आवाज झाला. जाऊन बघतात तर मधले रूळ खडी ढकलून बाजूला फुगलेले.

मुकादम गुडघ्यावर बसून एकेक जोड पाहत गेले. "फटी पार बुजल्यात. म्हणजे कमी पडल्या. पट्ट्या मीच निवडल्या होत्या." त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून बाईंच्या हातात ठेवली. "उद्याची फेरी पुढे ढकला, आणि मुकादम दुसरा बघा. हे चुकणाऱ्या माणसाने रुळावर उभं राहू नये."

पुठ्ठ्याचा उरलेला तुकडा अजून मास्तरांच्या खिशात होता. गप्प बसलं तर आपली जागा राहते आणि मुकादम जातात. बोललं तर उद्यापासून तिकीट खिडकीवर बसायचं, म्हणजे पुन्हा शोभा. चहा दोन घोट उरला होता. तो तसाच ठेवून मास्तर उठले.

"शिट्टी परत घ्या, मुकादम. तुमच्या पट्ट्या डब्यातच पडून आहेत. मी हा पुठ्ठा घातला. फट... फार वाईट दिसत होती."

डॉक्टर म्हणाले, "रुळांना इस्त्री केली नाहीत, हे नशीब आमचं."

मुकादमांनी पुठ्ठा बोटांत चाचपला. "म्हणजे माझ्या पट्ट्या बरोबर होत्या?"

"अगदी बरोबर."

"पुन्हा सांगा."

"तुमचं बरोबर होतं. गाढव मी."

मुकादमांचे ताठलेले खांदे हळूहळू खाली आले. "घरी दोन वर्षं ऐकतोय, 'बाबा, तुम्ही विसरता.' चष्मा विसरतो, खरं आहे. पण मघाशी वाटलं, आता हेही गेलं. तुम्ही बोलला नसतात तर मी तेच घेऊन घरी गेलो असतो, मास्तर." मग एकदम आवाज चढवून, "पँटीला कमरेत शिवणीच्या आत माया किती सोडता?"

"दीड इंच. माणूस सुटतो."

"मग उन्हात लोखंड सुटत नाही होय?"

"हे आधी सांगायचंत!"

"शिंप्याला हे सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं! चला, बोल्टांचे पाने उचला. आणि पट्ट्या यापुढे तुमच्याच खिशात राहतील. पुठ्ठा माझ्याकडे द्या."

मास्तरांनी पट्ट्या दोन्ही हातांनी घेतल्या. संध्याकाळपर्यंत सगळे जोड सोडवून पुन्हा बसवले. डॉक्टरांनी एकाही बोल्टाची विचारपूस केली नाही.

रविवारी फलाटावरून मुकादमांची शिट्टी वाजली आणि गाडी शेडमधून निघाली. डब्यात बायकोशेजारी बसलेले मास्तर कान लावून होते. खट्-खट्, एक. खट्-खट्, दोन.

"अहो, काय पुटपुटताय?"

"थांब गं. नऊ... दहा..."

बारावा जोड गेला. खिडकीतून त्यांनी फलाटावरच्या मुकादमांना हात जोडले. मुकादमांनी नमस्कार घेतला नाही. "हात आत घ्या!" असे ओरडले मात्र जोरात. मास्तर भरून पावले. मग त्यांचं लक्ष मांडीखालच्या उसवलेल्या गादीकडे गेलं. त्यांनी शिवण बोटाने चाचपली आणि समोरच्या बाकावरच्या बाईंकडे पाहिलं.

"बाई, जाड सुई मिळेल का हो इथे?"

"सुईदोरा सांगू नका म्हणाला होतात ना?"

"तुम्ही सांगू नका म्हणालो होतो. मी मागतोय."