चालेलकाकांचा नकार

माझ्या नवऱ्याला 'नाही' म्हणता येत नाही. हा आजार नाही, सवय आहे, आणि मला विचाराल तर सवयीपेक्षा आजार बरा. त्याला निदान औषध तरी असतं. ह्यांनी सगळी नोकरी बुटांच्या दुकानात केली. तिथल्या मालकाचा एकच नियम होता, गिऱ्हाइकासमोर 'नाही' हा शब्द काढायचा नाही. काळे बूट संपले असतील तर "हे तपकिरी बघा, तुमच्या पायाला जास्त शोभतील," असं म्हणायचं. निवृत्त झाले तरी जिभेचं वळण गेलं नाही. वरच्या मजल्यावरच्यांचं मांजर सांभाळाल का? चालेल की! तुमची शिडी महिनाभर नेऊ का? चालेल की! इमारतीत ह्यांना सगळे चालेलकाका म्हणतात आणि ह्यांना तो मान वाटतो.

मी बरोबर उलट. मी गणिताची मास्तरीण. गणितात चालेल-बिलेल काही नसतं. उत्तर बरोबर असतं, नाहीतर चूक.

गुडघ्यांनी दगा दिला आणि शाळेचे जिने मला चढवेनात, तेव्हा मी राजीनामा दिला. लोक म्हणाले, आता आराम करा. आराम कसला करायचा? पडदे धुतले, कपाटं आवरली, ह्यांच्यावर ओरडले, परत पडदे धुतले. वर्गाशिवाय मी म्हणजे नुसतीच एक चिडकी बाई उरले होते, आणि हे मला कळत होतं.

म्हणून एका दुसऱ्या शाळेतून फोन आला तेव्हा मी मटकन खुर्चीत बसले. आजारपणामुळे घरी अडकलेल्या मुलांना संगणकावरून शिकवायचं होतं. गणिताला कुणी मिळत नव्हतं. मुख्याध्यापिकाबाई आधी एक धडा ऐकणार आणि मग ठरवणार. जिने नाहीत, धावपळ नाही, समोर मुलं! मला आणखी काय हवं होतं?

पहिल्या दिवशी बाई एकट्याच पडद्यावर आल्या. अंगानं भरलेल्या, चेहऱ्यानं शांत. मी अपूर्णांकांचं चित्र शोधायला ब्राउझर उघडला, तर नेहमीच्या पानाऐवजी भलतंच रंगीबेरंगी पान उघडलं. मी 'अपूर्णांक' लिहिलं, तर त्याच्या उत्तरादाखल गाद्यांची दुकानं आली. मग कोपऱ्यातून एक चौकट उडी मारून वर आली आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत झळकलं, 'पोट सुटलंय? आजच पट्टा मागवा!' बाईंना माझा अख्खा पडदा दिसत होता. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "होतं असं. परवा दुपारी पुन्हा बसू. त्या वेळी एक मुलगीही असेल. पण मॅडम, मुलांसमोर असलं काही आलं तर मला नाही जमणार. पालक मला सोडायचे नाहीत."

"येणार नाही," मी म्हणाले, आणि संगणक बंद करून स्वयंपाकघरात गेले. हे तिथे भांडी पुसत होते. जरा जास्तच मन लावून पुसत होते.

"काय केलंत?" मी विचारलं.

"कुठे काय?"

"संगणकावर काय केलंत?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ह्यांना शब्दकोड्यांचा एक फुकट खेळ हवा होता. तो उतरवताना संगणकानं विचारलं, सोबत खरेदीत सवलती शोधून देणारा मदतनीस बसवू का? हवामानाची पट्टी लावू का? आमचंच पान पहिलं पान म्हणून ठेवू का? ह्यांनी प्रत्येक ठिकाणी 'मान्य' केलं होतं.

"अगं, इतक्या अदबीनं विचारत होते," हे म्हणाले. "आणि चौकटीत आधीच बरोबरच्या खुणा केलेल्या होत्या. त्या खोडायच्या म्हणजे बरं दिसलं नसतं."

"कुणाला बरं दिसलं नसतं? संगणकाला?"

ह्यांनी पुसलेलंच ताट परत पुसायला घेतलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात ना, तशी गत. एका कोड्यासोबत वऱ्हाडच आत आलं होतं. आणि गोष्ट एवढ्यावर थांबली नव्हती. जाहिराती वाढल्यावर 'तुमचा संगणक धोक्यात आहे, ताबडतोब साफ करा' अशी लाल पाटी आली. चोराच्या उलट्या बोंबा! पण हे घाबरले आणि तो 'सफाईवाला' पण बसवून घेतला. आगीतून निघून फुफाट्यात.

"भीड ही भिकेची बहीण," मी म्हणाले. "तुमच्या भिडेपायी माझा वर्ग जाणार." एवढं बोलले आणि मला रडूच आलं. ह्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. मी रडते तेव्हा ह्यांना काय करावं कळत नाही, कारण मी रडत नाही.

खालच्या दुरुस्तीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, सगळं पुसून नव्यानं भरून देतो, आठवड्यानं या. माझ्याकडे आठवडा नव्हता, आणि नव्यानं तयार केलेले सगळे धडे त्याच संगणकात होते. आता एकच दार उरलं होतं, माझी नणंद. ती एका मोठ्या कचेरीतले सगळे संगणक सांभाळते, आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण मला आठवली. नणंदेला मी गाढव म्हणत नाही. आठवली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावून तो टेबलावर ठेवला. सगळं ऐकून ती म्हणाली, "दादाचं काम ना? वाटलंच मला. वहिनी, रडू नका, हा विषाणू वगैरे नाही. आगंतुक पाहुणे आहेत. ज्या दारानं आले त्याच दारानं घालवू. आधी बसवलेल्या प्रोग्रॅमची यादी उघडा आणि तारखेप्रमाणे लावा."

तारखेप्रमाणे लावल्यावर पाहुणे एका रांगेत उभे राहिले. कोड्याच्या दिवशी आलेले सगळे एकापाठोपाठ एक, आणि शेंड्याला तो सफाईवाला.

"एकेकाला काढा," नणंद म्हणाली. "पण घाईनं टिचकी मारू नका. जाताना ते गळ्यात पडतात."

आणि खरंच पडले. सवलतवाल्याला 'काढा' म्हटलं तर एक रडवेला चेहरा आला. 'आम्हाला सोडून चाललात? एकदा विचार करा.' खाली भलंमोठं हिरवं बटण होतं, 'ठेवा आणि सुरक्षित राहा'. त्याच्याही खाली, दिसेल न दिसेल अशा करड्या अक्षरांत, 'तरीही काढा'.

"बिचारे," हे माझ्या खांद्यामागून म्हणाले. मग पुढे वाकले, चष्मा वर केला आणि बराच वेळ त्या हिरव्या बटणाकडे बघत राहिले.

"अगं, हे तर आमच्या दुकानातलंच!" हे एकदम म्हणाले. "महागाचा जोड गिऱ्हाइकाच्या हाताशी आणि स्वस्ताचा खालच्या फळीवर, दिव्यापासून लांब. मीच मांडायचो की! पण आम्ही शेवटी बूट तरी द्यायचो. हे काय देतात?"

"त्रास देतात," फोनमधून नणंद म्हणाली.

हे चिडले होते. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांना चिडलेलं मी मोजक्या वेळा पाहिलंय, आणि खरं सांगते, मला ते आवडलं. "मग दाबा ते करडं बटण," मी म्हणाले. ह्यांनी माउस धरला, सोडला आणि म्हणाले, "तूच दाब." शेवटी मीच दाबलं.

पुढे ब्राउझरमध्ये शिरलो. तिथे जोडलेले दोन उपरे मदतनीस काढून टाकले, पहिलं पान आणि शोधाचं पान पूर्वीसारखं केलं. कोपऱ्यातून उड्या मारणाऱ्या चौकटींचं मूळही सापडलं. कितीतरी साइटना 'सूचना पाठवायला' परवानगी दिलेली होती. कुणी दिली हे मी विचारलं नाही. एकेक परवानगी काढून घेतली. मग नणंदेनं एक तपासणीचा प्रोग्रॅम सांगितला आणि बजावलं, "शोधात सगळ्यात वर येईल त्यावर जाऊ नका, ती जाहिरात असते. मी पत्ता सांगते, अक्षर न् अक्षर तसंच लिहा." त्या तपासणीत आणखी थोडा केरकचरा निघाला, तोही टाकला.

संगणक बंद करून परत चालू केला. ब्राउझरच्या चित्रावर टिचकी मारली आणि येरे माझ्या मागल्या! तेच रंगीबेरंगी पान.

"असं कसं होईल?" नणंद म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच जरा उतरला होता.

माझं डोकं तापलं होतं. पण तापलेल्या डोक्यानं गणित सुटत नाही हे मी मुलांना जन्मभर सांगत आले. उत्तर चुकलं की मी काय सांगते? उत्तराकडे बघू नका, त्याच्या आधीच्या पायरीकडे बघा. पान उघडतं ही शेवटची पायरी. त्याच्या आधी मी काय करते? चित्रावर टिचकी मारते.

"ताई, चूक ब्राउझरमध्ये नसून त्या चित्रातच असेल तर?" मी विचारलं. "दार साफ आहे, पण दाराकडे नेणारी पाटीच कुणी फिरवली असेल तर?"

मग नणंद म्हणाली, "चित्रावर उजवं बटण दाबा. गुणधर्म उघडा. त्यात एक लांबलचक ओळ असेल, ती शेवटपर्यंत वाचा."

मी वाचली. ब्राउझरचं नाव संपलं, अवतरणचिन्ह संपलं, आणि त्याच्यापुढे एका साइटचा पत्ता शेपटासारखा चिकटवलेला होता. प्रत्येक टिचकीला आम्ही आपल्या हातानं त्याच पानाकडे जात होतो. मी ते शेपूट छाटलं, जतन केलं, संगणक पुन्हा चालू केला. ब्राउझर उघडला. पांढरंशुभ्र, रिकामं, माझं नेहमीचं पान!

मी एवढ्या जोरानं "सुटलं!" ओरडले की वरच्यांचं मांजर खिडकीतून पळालं. नणंद म्हणाली, "वहिनी, हे मला सुचायला हवं होतं." हे वाक्य ऐकायला मी लग्न झाल्यापासून थांबले होते. पण फोन ठेवताना मी तिला मनापासून म्हटलं, "ताई, तुम्ही नसता तर मी बुडाले असते." तेही खरंच होतं.

ठेवण्याआधी तिनं भावाला फोनवर घेतलं. "दादा, फुकटचं काही हवं असेल तर ज्यानं बनवलं त्याच्याच साइटवरून घे. झटपट बसवू नकोस, 'स्वतः निवडा' असेल तिथे जा आणि आधीच्या खुणा काढ. आणि आपण न बोलावता जे काही विचारायला येईल, त्याला नाही म्हणायचं. म्हणून दाखव."

"काय?"

"नाही."

"नंतर म्हणतो," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी धडा होता. मला दोन्ही हातांनी कागदाच्या घड्या घालून दाखवायच्या होत्या, म्हणून पडद्यावरची चित्रं बदलायला हे शेजारी बसले. इस्त्रीचा शर्ट घालून, दुकानात बसायचे तसे. पडद्यावर मुख्याध्यापिकाबाई होत्या आणि एक चुणचुणीत मुलगी. पाय प्लॅस्टरमध्ये, चेहऱ्यावर कंटाळा.

"मला अपूर्णांक आवडत नाहीत," तिनं सुरुवातीलाच सांगून टाकलं. "पाच मोठे की तीन मोठे? पाच. मग एक पंचमांश लहान कसा? हे खोटं आहे."

मला असं मूल फार आवडतं. मी एक पट्टी घेतली, तिचे तीन भाग केले. तेवढ्याच दुसऱ्या पट्टीचे पाच केले. ती पुढे सरकली. कंटाळा उतरू लागला. मी ह्यांना खूण केली, आता दोन पट्ट्या शेजारी शेजारी असलेलं चित्र उघडा. ते चित्र एका नव्याच साइटवर होतं. ते उघडलं, आणि नेमक्या त्या पट्ट्यांवर एक चौकट येऊन बसली. 'ही साइट तुम्हाला सूचना पाठवू इच्छिते.' खाली दोन बटणं. 'अनुमती द्या.' 'ब्लॉक करा.'

मुलगी थांबली. बाईंची मान वर झाली. माझे दोन्ही हात घड्यांमध्ये अडकलेले. ह्यांचा हात माउसवर होता आणि तो बाण दोन बटणांच्या मध्ये घुटमळत होता. मी नुसतं ह्यांच्याकडे पाहिलं.

"नाही!" हे म्हणाले.

मोठ्यानं म्हणाले, खणखणीत, आणि 'ब्लॉक करा' दाबलं. चौकट गेली. पट्ट्या लख्ख दिसल्या.

"आजोबा, कुणाला नाही म्हणालात?" मुलीनं विचारलं.

"एक आगाऊ पाहुणा आला होता," हे म्हणाले. ह्यांचे कान लाल झाले होते. "तू बघ पट्ट्या."

तिनं पाहिलं. एका पट्टीवरून दुसरीवर, परत पहिलीवर. मग ती इतकी उसळली की प्लॅस्टरचा पाय कशावर तरी आपटला. "म्हणजे वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो! खालचा आकडा म्हणजे वाटेकरी!"

"शाब्बास!" मी म्हणाले. माझा आवाज चिरकला आणि मला त्याची लाज वाटली नाही. मला माझा वर्ग समोर दिसत होता.

मुलगी गेल्यावर बाई थोडा वेळ थांबल्या. त्या हसत होत्या. म्हणाल्या, "सोमवारपासून सुरू करूया? सगळीच मुलं देते तुम्हाला. आणि तुमच्या मदतनिसांनाही शेजारी बसू द्या. चालेल?"

हे माझ्याकडे बघत होते. तोंड अर्धवट उघडलेलं, तो शब्द ओठांवर आलेला. पण ह्यांनी तो गिळला आणि माझ्यासाठी थांबले.

"चालेल की!" मी म्हणाले.