कारेताए म्हणजे काय

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला, नूरोआला, दोनच गोष्टी नीट जमायच्या: केस विंचरणं आणि निघून जाणं. बहिणीला, आकाइतीला, नववा लागला होता तेव्हा हा छपराचे पत्रे आणायला रारोटोंगाच्या मोठ्या बेटावर गेला. जाताना म्हणाला, "बुधवारच्या बोटीनं पत्रे घेऊनच येतो."

बुधवारी बोट आली. आमच्या आतिऊ बेटावर बोट आली की सगळा गाव धक्क्यावर असतो, आणि त्या दिवशीही होता. पिठाची पोती उतरली, डबाबंद मांसाची खोकी उतरली, मग पत्रे उतरले. त्यांच्यावर खडूनं ठळक लिहिलं होतं: नूरोआ. पत्रे आले, नूरोआ नाही. आकाइती पोट धरून उभी होती. शेवटी एका खलाशालाच तिची कीव आली, त्यानं सांगितलं. हॉटेलातल्या एका वाढपिणीबरोबर नूरोआ सिडनीच्या विमानात बसला होता.

शुक्रवारी मुलगी झाली. आमच्याकडे घरात जे घडलं असेल त्यावरून मुलाचं नाव ठेवतात. माझ्या एका चुलत्याचं नाव वादळ आहे, शेजारणीचं ऑपरेशन. तेव्हा पाद्रीबाबांनी वही उघडून नाव विचारलं आणि आकाइती म्हणाली, "कारेताए."

म्हणजे, आलाच नाही.

"अगं, हे नाव नाही, ही बातमी झाली," पाद्रीबाबा म्हणाले.

"मग बातमी लिहा. पण शुद्ध लिहा."

मला तेव्हा फार हसू आलं होतं. म्हटलं, बरी जिरवली. ज्याची जिरवायची तो तीन हजार मैलांवर आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ऐकावं लागायचं ते पोरीला. शाळेत बाई हजेरीला "कारेताए!" म्हणाल्या की वर्ग ओरडायचा, "मग ही कोण आली?" रोज. वर्षानुवर्षं. पोर खाली मान घालून "हजर" म्हणायची.

सतरा वर्षांची झाली तेव्हा ती आमच्या इथल्या एकुलत्या एक लॉजवर काम करायला लागली. तिथं मेलबर्नची जॉर्जिना नावाची बाई उतरली. पोट पुढं आलेलं, हातात फोन, आणि तोंडानं सारखं "किती अस्सल! किती अस्सल!" आमच्या तारोच्या, म्हणजे अळूच्या कंदांच्या, चिखलालाही अस्सल म्हणाली. बाळांच्या दुर्मीळ नावांवर इंटरनेटवर लिहिणं हा तिचा उद्योग होता. तिनं पोरीला नावाचा अर्थ विचारला. पोरगी लाजून टेबल पुसायला लागली. लॉजचा मालक, न्यूझीलंडचा गोरा, आमची भाषा त्याला जेमतेम 'कसं काय' म्हणण्यापुरती येते, तो म्हणाला, "पहाटेचा तारा असणार."

असणार! तेवढ्यावर त्या बाईनं आपल्या मुलीचं नाव कारेताए ठेवलं, आणि जगाला सांगितलं.

झालं. तीन वर्षांत ऑस्ट्रेलियात कारेताएंचं पीक आलं. कुणी 'केराटे' लिहायचं, कुणी 'कॅरटे'. सिडनीतली माझी मावसबहीण बागेत बसली होती, तर एक आई हाका मारतेय, "कराटे, घसरगुंडीवरून उतर!" दीडशे-दोनशे पोरी 'आलाच नाही' म्हणून हिंडताहेत, आणि आईबाप कौतुकानं नावाच्या पाट्या रंगवताहेत.

मग तिकडच्या एका मासिकाला या नावाचा उगम शोधावासा वाटला. आणि उगम सापडला कुठं? सिडनीत. नूरोआ! यानं त्यांना सांगितलं, मुलगी जन्मली तेव्हा मी समुद्रकाठी उभा होतो, पहाटेचा तारा पाहिला आणि नाव सुचलं.

वीस वर्षांनी गृहस्थ विमानातून उतरला तो मासिकाची बाई आणि कॅमेरेवाला घेऊन. इस्त्रीचा फुलाफुलांचा शर्ट, केस काळे केलेले. गावानं रीतीप्रमाणं गळ्यात फुलांचे हार घातले. रीत ती रीत, नालायकालाही हार चुकत नाही. मला म्हणाला, "ताई, तुम्ही अगदी तशाच आहात हं."

"तू नाहीस," मी म्हटलं. "इतकी वर्षं तू निदान दिसत नव्हतास."

सभागृहात सगळे जमले. आकाइती मागच्या बाकावर टोपी विणत बसली होती, मान वर केली नाही. कारेताए तिच्याजवळ. मासिकाच्या बाईनं पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना विचारलं, "तुमच्या तोंडून ऐकायचंय. कारेताए म्हणजे काय?"

सगळे नूरोआकडे पाहायला लागले. तो घाईनं उठला. "त्यांना इंग्रजी येत नाही, मी सांगतो."

"मला येतं," मी म्हटलं. ऑकलंडला अकरा वर्षं लाँड्रीत घालवली होती ती कधीतरी उपयोगी पडायची होतीच. "कारेताए म्हणजे, तो आलाच नाही."

"कोण आला नाही?"

मी हनुवटीनं दाखवलं. "हा."

सभागृह असं हसलं की बाहेरची डुकरं पळाली. नूरोआ उभ्याउभ्या हार चाचपत राहिला. मग लेकीकडे वळून म्हणाला, "बाळ, तू तरी सांग यांना."

कारेताए उठली. मला वाटलं, आता हिनं त्याला धुवावा. पण ती म्हणाली, "पपा, तुमचं जेवण घरी झाकून ठेवलंय. जेवून घ्या," आणि बाहेर निघून गेली. तो जेवायला आला नाही. शनिवारच्या विमानानं गेला.

मासिकात काय छापून आलं? तारा. पानभर तारा, आणि खाली हार घातलेला नूरोआ. खरं ऐकायला एवढ्या लांब येतात आणि खोटं घेऊन जातात, त्यांच्या बुद्धीला काय म्हणावं!

पण सभागृहातली गोष्ट कशी कोण जाणे जॉर्जिनाच्या कानावर गेली. तिचं पत्र आलं, कारेताएच्या नावानं. खरं काय ते कळव, मी घाबरलेय, माझ्या मुलीचं नाव मी दंडावर गोंदवून घेतलंय.

आम्ही ओट्यावर तारो सोलत होतो. मी खूश. म्हटलं, "आण कागद. असं लिही की बाईनं दंड झाकूनच फिरावं."

कारेताएनं लिहिलं आणि वाचून दाखवलं. 'होय, पहाटेचा तारा. आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात.'

"वेडी का तू? त्या मूर्ख बाईची एवढी काळजी?"

"मावशी, बाईची नाही. ती पोर तीन वर्षांची आहे. तिनं काय केलंय कुणाचं?"

आकाइतीच्या हातातली सुरी थांबली. अर्धवट सोललेला तारो तिनं खाली ठेवला. मग म्हणाली, "पत्र मी टपालात नेऊन टाकते," आणि लेकीच्या हातातून पत्र घेऊन अनवाणीच उतार उतरायला लागली.