‘द प्लाउ’वरची हरकत

आमच्या गावात मरायला दोन दिवस सोयीचे, मंगळवार आणि शुक्रवार. त्या दिवशी बस असते, म्हणजे नातेवाइकांना येता येतं. एरवी लिंकनशरमधलं हे थॉर्नबी फेन म्हणजे कोबी, कोबीच्या मागे कोबी आणि शेवटी एक पॅकिंग शेड. बँक गेली, पोस्ट गेलं, ‘द प्लाउ’ नावाचा पब चार वर्षांपूर्वी बंद पडला. उरलं ते पॅरिश कौन्सिल, म्हणजे इथली ग्रामपंचायत. सात खुर्च्या, एक किटली आणि दर महिन्याला कुत्र्यांच्या घाणीवर तासभर चर्चा.

त्या सातांतली एक खुर्ची रिकामी झाली आणि आमच्या ह्यांचं जेवणात लक्ष लागेना.

हे म्हणजे पुरुषोत्तम खांबेटे, वय चौऱ्याहत्तर. रिटायर झाल्यावर लंडनमधलं ईलिंगचं घर विकून ह्यांनी मला मोकळ्या हवेत आणलं, त्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत ह्यांनी बस शेल्टर घासलं, युद्धातल्या सैनिकांसाठी कागदी पॉपी विकल्या, व्हिलेज हॉलमध्ये गावाचे कप विसळले. गाव ह्यांना ‘पुरू’ म्हणतं आणि फार लव्हली माणूस समजतं. खुर्ची मात्र कोणी पुढे केली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी मला स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली. जीभ शाबूत राहिली, हे ह्यांचं दुर्दैव. मग केअरर यायला लागल्या. नातीच्या वयाच्या पोरी, “मॉर्निंग, देवयानी डार्लिंग!” म्हणत पांघरूण ओढायच्या. ईलिंगच्या कौन्सिलात एकतीस वर्षं मी मिसेस खांबेटे होते. माझे साहेबसुद्धा नावाने हाक मारायला धजावत नसत. आणि इथे अंगावर धड कपडा नसताना डार्लिंग! असा संताप यायचा, पण अंग पुसून घ्यायला तीच पोरगी लागायची.

नंदा आली ती नागपूरहून, एजन्सीच्या व्हिसावर. पहिल्या दिवशी दारातच बूट काढले, हात धुतले आणि म्हणाली, “काकू, पाणी एवढं चालेल का अजून गरम करू?” मी रडले. स्ट्रोकनंतर रडू लवकर येतं असं डॉक्टर म्हणतात. म्हणोत. मला काकू म्हणणारं माणूस त्या कोबीच्या रानात भेटलं म्हणून मी रडले.

सकाळची चाळीस मिनिटं ती माझी असायची. केसांना तेल लावायची, घट्ट वेणी घालायची, नागपूरच्या गमती सांगायची. मी तिचं इंग्लिश सुधारायचे. रोजच्या नोंदी, अर्ज, एजन्सीला पाठवायची पत्रं. “नंदा, ‘नको’ असं सरळ लिहू नये. ‘इट इज विथ कन्सिडरेबल रिलक्टन्स’ अशी सुरुवात करायची. नाइलाज झाल्याचं दाखवायचं आणि मग हवं तेच करायचं.”

“काकू, तुम्ही डेंजर आहात बाप्पा,” ती हसून म्हणायची.

ती राहायची सतरा मैलांवरच्या टाउनमध्ये, आणखी पाच जणींबरोबर. त्या घराच्या मालकाने घर विकायला काढलं, सप्टेंबरपर्यंत मुलींना बाहेर पडायचं होतं. म्हणून एजन्सीने ‘द प्लाउ’ घ्यायचं ठरवलं. वरच्या मजल्यावर सहा खोल्या काढायच्या, सहा केअररसाठी. त्यासाठी प्लॅनिंगची परवानगी हवी होती. नंदा तर हरखूनच गेली. “काकू, तुमच्या दारापासून चार मिनिटं! मी चालून बघितलं. चर्चच्या बाजूची खोली मी घेणार, खिडकीत कढीपत्ता लावणार.”

“आणि परवानगी नाही मिळाली तर?”

“मग एजन्सी पाठवेल तिकडे. पण मिळेल ना. रिकामा तर पडलाय पब.”

‘एजन्सी पाठवेल तिकडे’ हे मी ऐकलं होतं. मनावर घेतलं नाही.

मे महिन्यात एक दिवस हे मीटिंगहून आले आणि कोट न काढताच माझ्यासमोर बसले. कौन्सिलची अध्यक्ष मार्गारेट ह्यांना बाजूला घेऊन बोलली होती. गावाला प्लाउमध्ये होस्टेल नको आहे. अठरा जण हरकत घेणार आहेत. पण एखादी हरकत ह्यांनी घेतली तर फार बरं होईल. “फ्रॉम यू, पुरू, इट वोन्ट लुक लाइक... वेल, यू नो.”

“आणि खुर्ची?” मी विचारलं.

“जूनमध्ये भरायची आहे म्हणाली. एवढंच म्हणाली.” हे जमिनीकडे बघत होते. “मी मार्गारेटला नाही म्हणणार आहे. नंदा राहणार कुठे मग? नको अगं मला ती खुर्ची.”

नऊ वर्षांत पहिल्यांदा हा माणूस पाठीचा कणा ताठ करून बसला होता. मी म्हणाले, “आयपॅड द्या इकडे.”

सरळच सांगते. नंदा प्लाउमध्ये राहायला आली असती तर गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची झाली असती. समोरच्या मिसेस कोलनेही तिला वाटून घेतली असती. प्लाउ झालं नाही तर पोरीला छप्पर लागणार, आणि आमची मागची खोली रिकामी. मग चाळीस मिनिटं नाही, दिवसभर. तिचा कढीपत्ता माझ्या खिडकीत. मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

मी प्लॅनिंग खात्यात होते. एकतीस वर्षं लोकांचा द्वेष तारीखवार फाइल केला आहे मी. मूर्ख माणूस ‘असली माणसं नकोत’ असं लिहितो आणि त्याचं पत्र बाद होतं. हुशार माणूस पार्किंग लिहितो, गटार तुंबेल म्हणतो, कचऱ्याच्या पेट्या मोजून दाखवतो. मी डाव्या हाताच्या एका बोटाने हे सगळं लिहिलं. वर वटवाघळं घातली. वटवाघळांना कायद्याचं संरक्षण, त्यांच्यापुढे इंग्लंडात कोणाचं काही चालत नाही. सुरुवातीचं वाक्य बोटाने आपणहून उमटवलं, इतक्या वर्षांची सवय. खाली ह्यांचं नाव टाकलं. हरकत घेणाऱ्याचं नाव आणि पत्ता वेबसाइटवर जगाला दिसतो, हे मला माहीत होतं. ह्यांना नव्हतं.

“नंदाला कळलं तर?” हे म्हणाले.

“कळायला ती काय प्लॅनिंगच्या फायली वाचत बसणार आहे? आणि तिला आपल्याकडेच तर ठेवून घ्यायचंय. दाबा सबमिट.”

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझं ऐकलं नाही असं झालेलं नाही. दाबलं.

जूनमध्ये सहा हात वर झाले आणि हे कौन्सिलर खांबेटे झाले. टाळ्या झाल्या, बिस्किटं झाली. घरी येऊन बुटांच्या नाड्या सोडत बसले. “खूश नाही का?” म्हटलं, तर म्हणाले, “कुत्र्यांच्या घाणीवर कमिटी आहे. तिच्यात घेतलंय.”

ऑगस्टमध्ये अर्ज फेटाळला गेला. गटार आणि वटवाघळं. दुसऱ्या दिवशी नंदा आली तेव्हा मी अगदी सहज सुचल्यासारखं म्हणाले, “अगं, एवढं तोंड पाडायला काय झालं? आमची मागची खोली आहे की.”

ती माझे पाय पुसत होती. मान वर न करता म्हणाली, “नाही चालत, काकू. क्लायंटच्या घरी राहायचं नाही, एजन्सीचा नियम आहे. मी एप्रिलमध्येच विचारलं होतं, प्लाउचं निघायच्या आधी. तुम्हाला सांगणार होते, पण नाही म्हणाले ते. आता सहाही जणींना पार स्कॉटलंडात, ग्लासगोकडे टाकलंय. गेले नाही तर व्हिसा जाईल.”

एप्रिलमध्ये. म्हणजे मी बोट उचललं त्याच्याही आधी आमच्याकडे राहायची परवानगी तिने मागून झाली होती.

शेवटच्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला आली. बूट काढले, हात धुतले. वेणी घालायला मागे उभी राहिली तेव्हा आरशात तिचा चेहरा दिसत होता. म्हणाली, “काल आम्ही वेबसाइटवर सगळ्या हरकती वाचल्या, काकू. एकोणीस होत्या. अठरा वाचताना हसू आलं, एकाला तर म्हणे आमच्या स्वयंपाकाच्या वासाने बदकं जातील. एकोणिसावी काकांची.”

हे चहाचा ट्रे घेऊन दारात आले होते. मला वाटलं, आता सांगतील. सांगायला हवंच होतं. हे म्हणाले, “चुकलं माझं, नंदा.” माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी बोलू शकले असते. जीभ शाबूत होती. मी गप्प बसले.

नंदाने फोन काढला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “इट इज विथ कन्सिडरेबल रिलक्टन्स...” उच्चार स्वच्छ होते, माझ्याच हाताखाली घासलेले. तेवढंच वाचून थांबली. ट्रे धरून उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे तिने पाहिलं नाही. आरशातून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ओरड, मी मनात म्हणत होते, काहीतरी बोल, तोंडावर थुंक माझ्या.

तिने फोन खिशात ठेवला आणि वेणी पुरी केली. घट्ट, सरळ, नेहमीसारखी. डाव्या हाताची नखं कापली, उजव्या पायाला क्रीम चोळलं, नोंदवहीत वेळ लिहिली. एक काम चुकवलं नाही. मग ह्यांच्या हातातला ट्रे घेऊन टेबलावर ठेवला आणि वाकून ह्यांच्या पाया पडली. “येते, काका. तब्येतीला जपा.” ह्यांना हुंदका आला.

बूट घालून ती माझ्या खुर्चीसमोर आली, मान कलती केली, त्या पोरी हसायच्या तशी हसली.

“ऑल डन, देवयानी डार्लिंग,” ती म्हणाली. “यू टेक केअर नाउ.”