डबीवरचं अक्षर

आवाज गेल्याचं मला कळलं तो मंगळवार होता. बायको जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते, त्यामुळे आणखी काही जाण्यासारखं उरलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

गाण्यांच्या कंपनीनं आम्हाला स्टुडिओत बोलावलं होतं. हिचा अल्बम तयार झालाय, बाजारात यायच्या आधी घरच्यांनी ऐकावा, असं कंपनीचे साहेब फोनवर म्हणाले. ही म्हणजे माझी बायको. मी तिला जन्मात कधी नावानं हाक मारली नाही, आता सुरुवात करणार नाही. मी आणि लेक इस्त्रीचे कपडे घालून गेलो. लेकीनं पर्समध्ये दोन रुमाल घेतले होते, एक तिचा आणि एक माझा.

स्टुडिओचं दार लोटायला दोन्ही हात लागतात. आत भिंतींना करडा स्पंज लावलेला, आपलाच आवाज आपल्याला मेल्यासारखा ऐकू येतो. यंत्रापुढे अरेंजर बसला होता. गाण्याला वाद्यं बसवायचं काम त्याचं. ते त्याला हिनंच शिकवलं. तो हिला ताई म्हणायचा, म्हणून मला भावोजी. साहेब कोचावर होते. वय पस्तिशीचं, नवे आलेले, हिला एकदाही न भेटलेले.

पहिलं गाणं लागलं. एका तरुण बाईचा आवाज आला. मला वाटलं, सुरुवातीला दुसरं कुणीतरी असेल, मग ही येईल. मी पाट्या रंगवतो. आमच्याकडेही आधी पत्र्यावर पांढरा हात मारतात, अक्षर त्यानंतर येतं. मी थांबलो. दुसरं गाणं झालं. साहेब मान डोलवत होते. तिसरं अर्ध्यावर आलं तेव्हा मी अरेंजरला विचारलं, "ही कधी येणार?"

"कोण, भावोजी?"

"माझी बायको."

त्यानं गाणं बंद केलं. खुर्ची माझ्याकडे वळवली आणि लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "भावोजी, ताईंनी गायलंच कुठे होतं? त्या गायच्या आधीच गेल्या ना. म्हणून तर आपण या नव्या गायिकेकडून गाऊन घेतलं. सध्या तिच्याइतकं कुणी चालत नाही. ताईंना श्रद्धांजली म्हणून ती लगेच तयार झाली."

"नऊच्या नऊ गाणी गायलीत तिनं," मी म्हणालो. "आमच्या घरात. कपाटात बसून. मी तुमच्याकडे पोचवली आहेत."

"ते डमी होते, भावोजी."

डमी म्हणजे काय ते सांगतो. गाणं लिहिणारा, चाल लावणारा स्वतःच्या आवाजात गाणं एकदा म्हणून ठेवतो. ते ऐकून मोठे गायक गाणं शिकतात. मोठ्या गायकाचा आवाज उतरवला की डमी पुसून टाकतात. तशी पद्धतच आहे, त्यात कुणाला काही वाटत नाही. हिनं तीस वर्षं डमी गायले. नाचाची गाणी, साबणाच्या जाहिराती, पोरांच्या फोनवर वाजणारी गाणी, सगळी आधी हिच्या गळ्यातून गेलेली. गायकांचे उच्चार, श्वास कुठे घ्यायचा, कुठे नाही, सगळं ही ठरवायची. स्टुडिओत तिला मास्तरीणबाई म्हणायचे. गाणी गाजली की आमच्याकडे पेढ्यांचा पुडा यायचा. आवाज मात्र पुसलेला असायचा.

त्याआधी, विशी-पंचविशीत, हिची स्वतःची एक कॅसेट निघाली होती. चांगली खपली. दुसरीच्या वेळी कंपनीतला कुणीतरी म्हणाला, आवाज जाड आहे, मुलीचा वाटत नाही. तेवढ्यावर हिनं गायचं सोडलं आणि लिहायला लागली. मी कधी विषय काढला की म्हणायची, "जाऊ द्या हो, जाड तर जाड." पण मागच्या वर्षी एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, आता माझा आवाज खरंच जाड झालाय. आता गाते."

कंपनीतल्या तेव्हाच्या साहेबांशी तिनं बोलणं केलं. ते पुढे नोकरी सोडून गेले. माडीवरच्या खोलीत भिंतीतलं कपाट आहे. त्यात हिनं जुन्या गोधड्या टांगल्या, स्टूल ठेवलं, माइक लावला. दुकान खाली. ही गात असेपर्यंत मी दुकानाचं शटर उघडायचो नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, काका, दहा वाजले. मी म्हणायचो, वाजू देत. कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती म्हणून गाणी थेट एका ड्राइव्हवर उतरवली, हाताच्या पंजाएवढ्या. नववं गाणं झालं आणि चौथ्या दिवशी हिला धाप लागली. दवाखान्यातून तिनं मला सांगितलं, "टेबलावरची ड्राइव्ह तेवढी कंपनीत पोचवा. ते घाई करतायत." मी पोचवली. आठवड्यानं ती गेली.

हे सगळं मी त्या मंगळवारी साहेबांना सांगितलं. कदाचित वरच्या आवाजात सांगितलं असेन, कारण लेकीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ड्राइव्ह आणा," मी म्हणालो. "ऐकवतो."

अरेंजर खाली बघायला लागला. "त्यातले आवाज आता नाहीत, भावोजी. फायनल झाल्यावर आपण..."

"पुसलेत?"

"पद्धत आहे."

"मला एक फोन करता आला नसता?"

"तुम्ही दुःखात होता," साहेब म्हणाले. "आम्हाला त्रास द्यायचा नव्हता."

माझ्या बायकोचा आवाज पुसायला यांना माझ्या दुःखाचं निमित्त मिळालं. मी उठलो. जे बोललो त्यातलं बरंचसं इथे लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात साहेब शेजारच्या खोलीत गेले आणि एक प्लास्टिकची डबी घेऊन आले. माझ्यापुढे धरली.

"काका, तुम्ही रागावताय, समजू शकतो. पण हे बघा. आम्ही मनानं काही केलेलं नाही."

डबीवर चिकटपट्टी होती. तिच्यावर निळ्या रंगात, बारीक ब्रशनं, सुबक अक्षरात लिहिलं होतं: डमी. नऊ गाणी.

अक्षर माझं होतं.

तीस वर्षं हिच्या कॅसेटींवर, सीडींवर, डब्यांवर मीच लिहीत आलो. ही हाक मारायची, "अहो, एवढं नाव घाला," आणि मी दुकानातला बारीक ब्रश घेऊन लिहायचो. डमी, दोन गाणी. डमी, जाहिरात. माझं अक्षर तिला फार आवडायचं. म्हणायची, तुमचं अक्षर बघून लोकांना वाटतं आत काहीतरी भारी असणार. त्या दिवशी दवाखान्यातून घरी आलो, डबीत ड्राइव्ह ठेवली, ब्रश घेतला आणि हात आपोआप चालला. काय लिहितोय ते वाचलंसुद्धा नाही.

साहेबांना वाटलं, संपलं. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. लेक माझ्याकडे बघत होती. मी डबी हातात घेतली, चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला. मग म्हणालो, "लिहिलं मी. मान्य. पण लावून कुणी ऐकलं नाही का?"

"ऐकलं ना," अरेंजर म्हणाला. "त्यावरूनच तर सगळी वाद्यं बसवली. भावोजी, खरं सांगू? ताईंचा आवाज आम्ही डमी म्हणूनच ऐकत आलो. हे फायनल असेल असं डोक्यातच आलं नाही. आणि रेकॉर्डिंग घरचं होतं. एका गाण्यात मागे डबा पडल्याचा आवाज होता."

"मला भावोजी म्हणू नकोस," मी म्हणालो, आणि आम्ही निघालो. जिन्यात लेक म्हणाली, "बाबा, तुमचा रुमाल." मी घेतला नाही. रडू येतच नव्हतं. अंगाचा नुसता भडका उडाला होता.

साहेबांचे नंतर चार फोन आले. अल्बम काढायला वारस म्हणून माझी सही हवी होती. मी म्हणालो, माझ्या बायकोच्या अल्बममध्ये माझी बायको नाही, सही कशावर करू? ते म्हणाले, गाणी तर त्यांचीच आहेत, शब्द त्यांचे, चाली त्यांच्या, मग बदललं काय? हा प्रश्न त्यांनी मला दोनदा विचारला.

महिन्याभरानं एक दिवस मी दुकानात दातांच्या डॉक्टरची पाटी करत होतो. 'दंत' झालं होतं, 'वैद्य' बाकी होतं. दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. तोंडाला रुमाल, डोळ्यावर काळा चष्मा. मी म्हणालो, "पाटी करायचीय?" तिनं चष्मा काढला. हिच्या जागी गायलेली ती गायिका होती. माझ्या लेकीपेक्षा लहान असेल.

"काका, मला बसायला सांगू नका," ती म्हणाली. "मी उभी राहूनच बोलते, नाहीतर धीर होणार नाही."

"उभी राहा. स्टूलला तसाही रंग लागलाय."

ती हसली नाही. म्हणाली, "मी विचारलं होतं. पहिलं गाणं ऐकलं आणि मी म्हणाले, हे कुणी गायलंय, हेच ठेवा की. मला म्हणाले, डमी आहे, तू तुझं गा. मी गायले. ते डमी नव्हते हे मला परवा कळलं." मग तिनं फोन काढला. "आम्हाला पाठ करायला डमी फोनवर पाठवतात. मी पुसत नाही कधी. शिकायला बरे पडतात. माझ्याकडे आठ आहेत."

"नऊ होती."

"नववं त्यांनी पाठवलंच नाही. ते मी स्टुडिओत बसून ऐकलं आणि तिथेच म्हटलं."

तिनं फोन रंगाच्या डब्यावर उभा केला आणि चौथं गाणं लावलं. मी ब्रश खाली ठेवला. आवाज बारीक येत होता, पेटीत बसून कुणीतरी गावं तसा. पण हीच होती. जाड, थोडी घोगरी, ओळीच्या शेवटी जराशी रेंगाळणारी. मध्येच मागे धाडकन काहीतरी पडलं. तो मी होतो. त्या दिवशी शटर बंद ठेवून आत डबे लावत होतो आणि प्रायमरचा पाच लिटरचा डबा हातातून सुटला होता. ही गायची थांबली नाही. कडवं पूर्ण केलं, श्वास घेतला, आणि पुढची ओळ यायच्या आधीच्या तेवढ्याशा जागेत हळूच म्हणाली, "पाडलंत? बरं." आणि पुढे गायली.

मला माहीतच नव्हतं ती असं म्हणाली होती.

गायिका म्हणाली, "मी हे स्टुडिओत सगळ्यांना ऐकवलं होतं, हसायला म्हणून. पाडलंत, बरं. आम्ही आठवडाभर एकमेकांना तेच म्हणत होतो." मग तिचा चेहरा उतरला. "सॉरी, काका."

"सॉरी नको म्हणूस. तुम्ही निदान ऐकलंत."

मी, लेक आणि ती गायिका, तिघं कंपनीत गेलो. ती गायिका साहेबांना म्हणाली, माझा आवाज काढा, हे आठ लावा, मी कुठेही तक्रार करणार नाही. साहेब हादरले. तिला नाराज करणं त्यांना परवडणारं नव्हतं. आधी म्हणाले, फोनवरचं रेकॉर्डिंग आहे, दर्जा बसणार नाही. अरेंजर कोपऱ्यातून म्हणाला, "बसेल. मी बसवतो. झोपणार नाही, पण बसवतो." त्यानं माझ्याकडे बघितलं नाही आणि भावोजीही म्हणाला नाही.

शेवटी साहेबांनी मान्य केलं. आठ गाणी हिच्या आवाजात. नवव्याचं ते म्हणाले, तेवढं एक या मॅडमच्या आवाजात राहू दे, अल्बम पूर्ण होईल. मी नाही म्हणालो. नवव्याची जागा मोकळी ठेवायची आणि मुखपृष्ठाच्या मागे एक वाक्य छापायचं, एवढीच माझी अट. वाक्य मी घरून लिहून नेलं होतं, त्याच निळ्या रंगात, त्याच ब्रशनं:

नववं गाणं यांनी गायलं होतं. डबीवर नवऱ्यानं चुकून 'डमी' लिहिलं आणि कंपनीनं न विचारता पुसलं.

साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "काका, 'तांत्रिक कारणास्तव' असं घालू या ना. सगळ्यांचाच मान राहील. तुमचाही."

"माझ्या मानाचं मी बघतो. यंत्रानं काही केलेलं नाही. मी लिहिलं आणि तुम्ही पुसलंत."

"'पुसलं' असं कंपनी छापू शकत नाही."

"मी चुकलो असं मी छापतोय. तुम्हाला कसली लाज?"

त्यांनी कागद ठेवून घेतला आणि वरिष्ठांना विचारतो म्हणाले. तिथून उठताना अरेंजर दारापर्यंत आला. नववं गाणं त्यानं दोन महिने रोज ऐकलं होतं. मी त्याला विचारलं, त्यात ती मध्ये कुठे काही बोलली होती का. त्याला आठवेना.

याला आता अकरा आठवडे झाले. अरेंजरनं आठ गाणी बसवून दिली आहेत, माझ्या लेकीनं ती ऐकली, मीही ऐकली. चौथ्यातला डबा तसाच आहे. दंतवैद्याची पाटी लागली. सही मी केलेली नाही. वाक्य त्यांनी छापलेलं नाही. नववं गाणं कुणाकडेच मिळालेलं नाही, आणि हिचा अल्बम अजून निघायचा आहे.