डॉटीची शेपूट

पाण्याकडे जायच्या एकमेव वाटेवर क्लॅरीने गायींच्या अंगावरच्या माश्या झाडणारा बोगदा उभारला आणि आत गोणपाटाच्या साऱ्या पट्ट्या सोडल्या. दुपार झाली तरी एकही गाय आत शिरेना.

"पहिल्याच दिवशी सगळ्या पट्ट्या सोडतं का कुणी? बिचकणारच त्या!" त्याची बायको मर्ल कडाडली. तिने पट्ट्या वर बांधल्या, तशी म्हातारी गाय डॉटी पुढे निघाली, मागोमाग कळप. मग मर्ल रोज एकेक पट्टी सोडत गेली.

आठवड्याने साऱ्या पट्ट्यांतून कळप सरळ जाऊ लागला. क्लॅरी म्हणाला, "बघ, सांगत होतो ना मी!"

उत्तर मर्लच्या अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात पाणी पिणारी डॉटी दिसली. उन्हाळाभर माश्यांवर चाबकासारखी फिरणारी तिची शेपूट निवांत लोंबत होती. मर्लने उत्तर गिळून टाकलं.