चालकाचं झाकण

भिंग हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते त्याला क्लबातल्या मंडळींनी ठेवलं होतं आणि तो ते पदक लावल्यासारखं मिरवायचा. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत दहा-बारा प्रौढ माणसं आपापली रणगाड्यांची आणि चिलखती गाड्यांची मॉडेलं घेऊन जमत. खरी गाडी पस्तीस हात तर मॉडेल एक हात, असं हे माप. कुणी मोठ्या कौतुकानं आपली गाडी टेबलावर ठेवली, की भिंग खिशातून खरोखरचं भिंग काढायचा, वाकायचा आणि सगळे श्वास रोखून उभे राहायचे. मग तो हळूच म्हणायचा की काम सुरेखच झालंय, फक्त मागच्या दारावर या काळात चार बोल्ट होते, तुम्ही पाच केलेत. समोरच्याचा चेहरा पडायचा. याला मात्र वाटायचं, आपण त्याचं भलंच केलं.

पोटापाण्यासाठी तो दात बनवायचा. डॉक्टर जबड्याचे साचे पाठवत आणि हा त्यावरून कवळ्या, दाढा, दातांवरच्या टोप्या घडवी. केसाएवढा फरक पडला तरी माणसाला घास चावता येत नाही, त्यामुळे मोजमाप अंगात भिनलेलं. बायको म्हणायची, याला स्वर्गात नेलं तर हा आधी दाराच्या बिजागऱ्या मोजेल. ती हे हसत म्हणायची, तोवर सगळं ठीक होतं.

तिचा धाकटा भाऊ, ज्याला घरात सगळे नुसतं धाकटा म्हणत, दोन वर्षांपूर्वी लढाईवरून परत आला. तो चिलखती गाडीवर तोफ चालवायचा. गाडीला काहीतरी लागलं, ती जळाली, एक जण गेला, हा वाचला. घरच्यांना एवढंच माहीत होतं. त्याच्या दोन्ही तळव्यांची कातडी भाजून गुळगुळीत झाली होती आणि तोंडाला कुलूप लागलं होतं. आता तो एका गोदामात माल मोजायचा. रविवारी सकाळी मात्र न चुकता एका घरी जायचा. गाडीचा चालक जो गेला, त्याच्या आईकडे. तिची सामानाची पिशवी वर नेऊन द्यायची, नळ गळत असला तर बघायचा, जेवायचं आणि यायचं. तिथं तो बोलायचा की नाही कुणास ठाऊक, पण आल्यावर त्याचा चेहरा जरा माणसात आल्यासारखा दिसे.

एका रविवारी तिथून परतताना तो बहिणीकडे डोकावला आणि भावोजींच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. टेबलावर नेमकी त्याच्याच गाडीच्या जातीची गाडी होत होती. भिंगाच्या मनात धाकट्याचा विचार वगैरे काही नव्हता. वार्षिक प्रदर्शन तोंडावर आलं होतं, ती गाडी सध्या गाजत होती आणि क्लबात कुणी केली नव्हती, इतकंच. धाकटा स्टुलावर बसला आणि तासभर बघत राहिला. पुढच्या रविवारी पुन्हा आला. तिसऱ्या रविवारी म्हणाला की आतल्या बाकाला कापड नसतं, नुसता पत्रा असतो आणि थंडीत त्याचा चटका बसतो.

बायकोनं हे स्वयंपाकघरातून ऐकलं आणि तिच्या हातातला चमचा तसाच राहिला. रात्री जेवताना ती नवऱ्याला म्हणाली की दोन वर्षांत त्या गाडीबद्दल त्यानं काढलेला हा पहिला शब्द आहे. “तू फक्त ऐक,” ती म्हणाली. “विचारू नकोस, सांगू नकोस. त्याचा तो बोलेल.” भिंगानं मान डोलावली. एवढं तर कुणालाही जमेल, असं त्याला वाटलं.

चौथ्या रविवारी गाडी जवळजवळ पुरी झाली होती. रंग चढला होता, चाकांवर चिखल वाळला होता. भिंग चिमट्यानं पुढचं झाकण बसवत होता. गाडीच्या पुढच्या भागात डाव्या हाताला चालक बसतो, त्याच्या डोक्यावरचं ते झाकण. त्याला आत-बाहेर करायला तेवढी एकच वाट. चहाचा कप हातात धरून धाकटा बराच वेळ त्या झाकणाकडे बघत होता. मग म्हणाला, “ते नळीला अडकतं.”

भिंगानं विचारलं, कुठल्या नळीला.

“तोफेच्या. वरचा तोफेचा बुरूज डावीकडे फिरलेला असला की नळी बरोब्बर झाकणावर येते. मग ते उघडत नाही.”

इथं भिंगानं ‘असं का’ म्हणून गप्प बसायचं होतं. जगातला कुठलाही माणूस गप्प बसला असता. पण कुणी चुकीचा तपशील सांगितला की भिंगाच्या जिभेला खाज सुटायची, आणि जित्याची खोड ती. “छे, छे,” तो म्हणाला, “अडकत नाही. हा समज बऱ्याच जणांचा असतो.” त्यानं कपाटातून जाड पुस्तक काढलं, आकृतीचं पान उघडलं. मग मॉडेलची नळी बोटानं जराशी उचलली आणि चिमट्यानं झाकण तिच्याखालून अलगद बाजूला सरकवून दाखवलं. “बघ. नळी दोन बोटं वर घेतली की काम झालं.”

“वीज गेलेली असली तर?”

“मग हातानं. तोफवाल्याच्या उजव्या हाताशी चाक असतं ना, त्याचे पाच-सहा फेरे.”

“पाच-सहा,” धाकटा म्हणाला.

“फार तर सहा.”

धाकट्यानं झाकण स्वतःच्या बोटानं एकदा मागे आणि एकदा पुढे सरकवून पाहिलं. मग “बरं” म्हणाला, कप खाली ठेवला आणि बहिणीला न भेटताच गेला. भिंगाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट पुढच्या शनिवारी क्लबात त्यानं हा किस्सा सांगितला, की प्रत्यक्ष गाडीवर काम केलेल्या माणसालाही गाडी पुरती ठाऊक नसते. मंडळी हसली. तोही हसला. त्या हसण्याची आठवण पुढे त्याला आंघोळ करताना, दाढ घासताना, रस्ता ओलांडताना, कधीही यायची आणि कानाच्या पाळ्या तापायच्या.

पुढचे दोन रविवार धाकटा आला नाही. फोन उचलेना. तिसऱ्या आठवड्यात बायको त्याच्या खोलीवर गेली आणि परतली ती चपलाही न काढता टेबलाशी येऊन उभी राहिली. तिनं आवाज चढवला नाही. गाडी पेटली तेव्हा वीज गेली होती, तिनं सांगितलं. नळी झाकणावर अडकली होती. हा वरून उडी मारून बाहेर पडला आणि तापलेल्या पत्र्यावर हात टेकून झाकण ओढत बसला. आतून चालक धक्के मारत होता. मग धक्के थांबले. दोन वर्षं हा स्वतःला समजावत आला होता, की कुणालाच काही करता आलं नसतं.

“आणि तू त्याला सांगितलंस,” ती म्हणाली, “की बाहेर उडी मारण्याआधी सहा फेरे फिरवले असते तर तो वाचला असता.”

भिंग म्हणाला की त्याला हे माहीत नव्हतं. हे खरंच होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. ती पुढे म्हणाली की त्याच रविवारी इथून निघून धाकटा पुन्हा त्या आईकडे गेला. तिला त्यानं सगळं सांगितलं, तुमचा मुलगा माझ्यामुळे गेला म्हणाला. तिनं ऐकून घेतलं आणि दार लावलं. त्यानंतर तो कामावर जातो, येतो आणि भिंतीकडे तोंड करून पडतो.

बायको आत गेली. भिंगाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी करायला हवं म्हणून, आणि खरं सांगायचं तर गाडीकडे बघणं बायकोकडे बघण्यापेक्षा सोपं म्हणून, त्यानं दिवा ओढला आणि भिंग काढलं. धाकट्याच्या पलटणीच्या गाड्यांचा एक फोटो त्याच्याकडे होता. नंबर आणि खुणा त्यावरूनच उतरवल्या होत्या. त्या फोटोत चालकाच्या झाकणाला दोन जाड बिजागऱ्या दिसत होत्या. मॉडेलच्या झाकणाला बिजागरी नव्हतीच, सरकती पट्टी होती.

त्यानं मॉडेलचा खोका उपसला. सुट्या भागांच्या चौकटीत, न वापरलेलं, दुसरं झाकण तसंच पडलं होतं, बिजागऱ्यांचं. कंपनीनं दोन्ही दिली होती, जुन्या गाडीसाठी एक आणि सुधारित गाडीसाठी एक. पुस्तकातली आकृती सुधारित गाडीची होती. पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत टीप होती, जी त्यानं आजवर वाचली नव्हती. जुनं झाकण वर उचलून उघडावं लागे, त्यामुळे नळी कितीही उंच केली तरी ते अडकायचंच. सबंध बुरूज बाजूला फिरवणं हाच उपाय, आणि वीज नसताना त्याला चार मिनिटं लागत; पेटत्या गाडीत तेवढा वेळ कुणालाच मिळत नसे. अनेक चालक आत अडकून गेल्यामुळे झाकण बदलण्यात आलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण भिंगानं ती पुढे कुणालाच सांगितली नाही. चूक सापडली तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार धाकट्याचा आला नाही. पहिला विचार आला की प्रदर्शनाला आठच दिवस उरलेत आणि परीक्षकांना हे दिसलं असतं तर काय शोभा झाली असती. क्षणभरच. पण आला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत हिंडणाऱ्या माणसाला स्वतःचं मुसळ दिसलं ते असं, आणि ते किती मोठं आहे हे त्याला तिथं खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुस्तक काखेत मारून तो गोदामात गेला. धाकटा दोन खोक्यांच्या राशींमध्ये उभा राहून यादीवर खुणा करत होता. भिंगानं तिथंच पान उघडलं, टीप वाचून दाखवली, फोटो दाखवला. मी चुकलो म्हणाला. तुझी गाडी जुनी होती, सहा काय, साठ फेऱ्यांनीही ते उघडलं नसतं, तुझंच बरोबर होतं, असं तो घाईघाईनं बोलत गेला. धाकट्यानं सगळं ऐकलं, मान हलवली आणि “बरं” म्हणाला.

भिंगानं पुस्तक मिटलं. मागच्या वेळीही तो असंच बरं म्हणाला होता.

“तुझा विश्वास बसत नाही का?”

“भावोजी, त्या दिवशीही तुम्ही हेच पुस्तक दाखवलं होतं,” धाकटा म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. “आणि एवढ्याच खात्रीनं बोलला होतात. ताईनं पाठवलं असेल तुम्हाला. पण त्याच्या आईला मी काय सांगू आता? पान चुकलं होतं म्हणून?”

आजवर एका बोल्टच्या बाबतीतही खोटं न बोललेल्या माणसाचं खरं बोलणं आज नुसतं सांत्वन ठरत होतं. भिंगाला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण धरणी असल्या कामाला कधी येत नाही. “तू काही सांगू नकोस,” तो म्हणाला. “मी सांगतो. तू नुसता चल.”

रविवारी ते दोघं चालकाच्या आईकडे तीन जिने चढून गेले. धाकटा शेवटच्या पायरीवरच थांबला. दार उघडणारी बाई बुटकी होती, हाताला साबणाचा फेस होता आणि तिनं दाराची कडी हातातून सोडली नाही. भिंगानं पुस्तक आणलं नव्हतं. मी याचा भावोजी, त्यानं सांगितलं, आणि तो जे तुम्हाला सांगून गेला ते त्याचं नव्हे, माझं होतं, ते चूक होतं. झाकण उघडणारच नव्हतं, कुणी काहीही केलं असतं तरी.

तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुम्ही होता का तिथं?”

“नाही.”

“त्या गाडीत बसलात कधी?”

“नाही. मी त्या गाड्यांची छोटी मॉडेलं करतो. घरी. छंद म्हणून.”

बाई त्याच्याकडे बघत राहिली. भिंगानं आयुष्यात खूप जणांना वाकून न्याहाळलं होतं, पण असं कुणी त्याला न्याहाळलं नव्हतं. तिला बहुधा ओरडायचं होतं, पण तेवढ्याही लायकीचा माणूस समोर नाही असं तिनं ठरवलं असावं.

“त्याचे हात बघितलेत तुम्ही?” ती म्हणाली. “मीही बघितले होते, दर रविवारी. तरी दार लावलं.” मग तिनं त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं. “ये रे. पान वाढते.”

धाकटा ती पायरी चढून वर आला. भिंगानं भिंतीला पाठ लावून त्याला वाट दिली. तो आत गेला, बाईनं दार लोटलं, आणि भिंगाला आत या म्हणायचं दोघांपैकी कुणाच्याही मनात आलं नाही. आतून ताटांचा आवाज आला, मग बाईचं रडणं आलं, मग बऱ्याच वेळानं धाकट्याचा आवाज. तो काहीतरी सांगत होता, थांबत थांबत, पहिल्यापासून. दाराला कान लावला असता तर शब्द न् शब्द कळला असता. भिंग चार पायऱ्या खाली उतरला आणि शब्द ऐकू येणार नाहीत अशा जागी जाऊन बसला.